करंजाला उगवलेली वीट

आमच्या कुंभकोणमच्या घरामागे एक करंज आहे. मी जन्मले त्या आठवड्यात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो लावला, म्हणून घरात तो माझी जुळी बहीण समजला जातो. मला ताप आला की अप्पा आधी त्याची पानं बघून येतात. लहानपणी मला याचा फार राग यायचा. अजूनही थोडा येतो.

गेल्या वर्षी त्याच्या बुंध्याशी, जमिनीलगत, काहीतरी उगवलं. आकार विटेएवढा, रंग विटेचा, टणक, वर रोगण लावल्यासारखी चकाकी. अप्पा विठ्ठलाचे भक्त. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि हात जोडले. "वीट आली. अत्ता देव यायचा तेवढा राहिला."

झालं! रोज विटेला घागरभर पाण्याचा अभिषेक, हळदकुंकू, आणि आमच्या आधी पहिल्या कॉफीचा नैवेद्य. मी चारचौघांत नास्तिक. पण खोटं कशाला बोलू, कोणी बघत नसताना मीही एक फूल वाहिलं होतं. वीट वाढत होती, पानं मात्र पिवळी पडून गळत होती. अप्पा म्हणायचे, झाड देवासाठी जागा करतंय.

मग पापनाशमहून माझा आतेभाऊ आला. त्याची रोपवाटिका आहे. कॉफीचा पेला हातात धरून तो वाकला आणि ओरडलाच, "मामा, कसाला पाणी घालतां? हें काळान!"

काळान म्हणजे आळंबं. बाहेर दिसतं ते थोडं, त्यानं सांगितलं, खरी बुरशी आत मुळं कुजवते आहे आणि रोजच्या ओलीनं ती फोफावली. झाड वाचलं तर वाचलं.

अप्पा मातीतच बसले. "पोरीचं झाड मीच मारलं," म्हणाले. एरवी मी त्यांची टिंगल सोडत नाही, पण त्या दिवशी मी त्यांना हात देऊन उठवलं.

दुपारी त्यांनी ती वीट स्वतः कापून काढली आणि जाळली. बुंध्यापासून थोडं अंतर सोडून भोवती गोल चर खणला. मग आतेभावानं दिलेलं निळं औषध मुळांशी ओतायला लागले, धोतर निळं झालं तरी थांबेनात. त्यांना हसवावं म्हणून मी विचारलं, "अप्पा, आणि देव आला तर?"

भिंतीशी खऱ्या विटा रचल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी उचलली आणि मागे न बघता अंगणात टाकली.

"त्यावर उभा राहूं दे. त्याला सवय आहे. माझ्या पोरीला औषध घालायचं आहे."