तोंडावरचा पदर

मॅनेजरने कागद माझ्यापुढे सरकवला आणि टाक दौतीत बुडवून माझ्या हातात दिला.

"इथं सही करा, वैद्यबुवा. खाली तारीख टाका."

कागदावर सात बायकांची नावं होती. पहिलं नाव भागरता. प्रत्येक नावापुढे एकच शब्द, 'कफप्रकृती'. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : वरील कामकरणी जन्मतः कफप्रकृतीच्या असल्याने हलरच्या कामास अयोग्य आहेत, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात यावे.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. पण निदान तुमचं आहे. तुमच्या रजिस्टरातून उतरवलं."

ते खरं होतं. रजिस्टर माझं होतं आणि अक्षरही माझं होतं.

ही नागपूर मध्य प्रांताची राजधानी असतानाची गोष्ट. तेव्हा आमचा चांदा जिल्हा एकच होता आणि खाली गोदावरीपर्यंत पसरलेला होता. वडशाला स्टेशनजवळ माझा दवाखाना होता. आयुर्वेदाची पदवी घेऊन मी नागपूरहून आलो होतो. पुस्तकांच्या दोन पेट्या सोबत आणल्या होत्या आणि त्यांचा मला अभिमान होता. दर शनिवारी सकाळी दोन तास मी एका राइस मिलमध्ये कामगार तपासायला बसत असे. मिलच्या ऑफिसात मला टेबल होतं, खुर्ची होती, पाण्याचा तांब्या होता. हलर ज्या शेडमध्ये चाले तिथे मी कधी गेलो नव्हतो. जाण्याचं काम पडलं नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

हलर म्हणजे धान सडण्याचं यंत्र. वरून धान ओततात, एका तोंडातून तांदूळ पडतो, दुसऱ्यातून कोंडा. कोंडा पोत्यात भरायचा आणि तांदूळ सुपाने पाखडायचा, हे बायकांचं काम.

श्वासाचं खूळ तिथे शिरलं ते शेठजींमुळे. शेठजी मिलचे मालक. आदल्या पावसाळ्यात ते डोकेदुखी आणि निद्रानाश घेऊन माझ्याकडे आले होते. मी त्यांचं तिखट कमी केलं, रात्री त्रिफळा दिला आणि सकाळी बागेत बसून प्राणायाम करायला सांगितलं. श्वास सावकाश आत घ्यायचा तो पूरक, क्षणभर धरायचा तो कुंभक, हळू सोडायचा तो रेचक. दीड महिन्यात शेठजींना झोप लागू लागली. राग कमी झाला, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं.

"वैद्यजी, हे मिलमध्येपण सुरू करा," ते म्हणाले. "बाया दिवसभर खोकतात. श्वास तर देवाने फुकट दिलाय, त्यातपण कंजुषी करतात. अर्धा-अर्धा श्वास घेतात."

मी खूश झालो. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण झालो. नागपूरच्या माझ्या शिक्षकांना मी पत्रदेखील लिहिलं की इकडे कामगारांत योगाचा प्रसार करतो आहे.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी ऑफिसच्या ओसरीवर मिलमधल्या सगळ्या बायका जमवल्या. थंड, स्वच्छ सकाळ होती. साऱ्याजणी तोंडाला पदर बांधून आल्या होत्या. नाकावरून दोन पदरी घडी आणि मागे मानेवर गाठ.

"हे आधी सोडा," मी म्हणालो. "नाक मोकळं हवं. तोंड बांधून श्वास घेतला की माणूस आपलीच उष्टी हवा परत आत घेतो."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. भागरता पुढे होती. चाळिशीची, अंगाने भरलेली, सावकाश बोलणारी. नवरा नव्हता. म्हातारी सासू आणि दोन मुली तिच्या एकटीच्या कामावर होत्या.

"उष्टी हवा, वैदभाऊ?" ती म्हणाली. "आमी तं उष्टं कोनाचंच खात नाई."

पुन्हा हशा. पण त्यांनी पदर सोडले. मी बारा श्वास शिकवले, रोज काम सुरू होण्याआधी इथेच पंधरा मिनिटं हे करून घ्या असं मॅनेजरला सांगितलं, मग एकेकीला तपासलं. भागरतेला विचारलं, "खोकला कधीपासून?"

"हलरवर लागली तवापासून."

हे वाक्य मी ऐकलं आणि लिहिलं नाही. मी तिचा बांधा पाहिला, झोपेचं विचारलं, नाडी पाहिली आणि लिहिलं, 'कफप्रकृती'. आयुर्वेदात प्रकृती म्हणजे माणसाची जन्मतःची घडण. कोणाची वाताची, कोणाची पित्ताची, कोणाची कफाची. हा काही दोष नव्हे. नाक लांब आहे की बसकं याचा रोगाशी जितका संबंध, तितकाच त्याचा. रोग वेगळा लिहायचा असतो आणि त्याचं कारण वेगळं. मी घाईत एकच रकाना भरला. मॅनेजरला तो एकच पुरला.

पुढचे तीन शनिवार खोकणाऱ्या बायका वाढत गेल्या. ऋतू बदलतो आहे असं मी ठरवलं, आणि अडुळशाचा काढा दिला. चौथ्या शनिवारी हा कागद.

"सोमवारी देतो," मी म्हणालो आणि रजिस्टर काखेत मारून घरी आलो.

अनसूया अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. अनसूया माझी बायको. माहेर आरमोरीकडचं. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या औषधांच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तीच लिहायची. मी तिला कागदाची हकिगत सांगितली. तिने सूप खाली ठेवलं.

"भागरता कफाची? आमच्या गावची पोरगी हाय ते. वैनगंगा एका दमात पार करे. आन् आता म्हने जल्मापासून कामाची नाई?"

"खोकते ती. सगळ्याच खोकतात."

"अजी, खोकणार नाई तं काय गाणं म्हणन? पदर कोनं सोडाले लावला त्यायले?"

"मीच. पण तो ओसरीवर, पंधरा मिनिटांसाठी."

"ओसरीवर?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाले काई मालूमच नाई का? पयल्याच दिवशी मॅनेजरनं ओसरी बंद केली. येळ जाते म्हने. आता हलर चालू असतानीच घंटी वाजवते आन् जागच्या जागी मोठे मोठे श्वास घ्याले लावते. दिवसभर पदर बांधाचा नाई. वैदबुवाचा हुकूम म्हून पाटी लावली हाय तिथी."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी पुसलं कोनाले?"

मग तिने सूप उचललं आणि म्हणाली, "पाहा इकडं." सूप उडवण्याआधी तिने नाकावर पदर ओढला. तांदूळ वर उडाला त्या क्षणी तिची छाती थांबली. तीन वेळा उडवून झालं, कोंडा पुढे उडून गेला, मग मान बाजूला वळवून तिने लहानसा श्वास घेतला.

"आमच्या मायनं शिकवलं. फेक घेताना दम धराचा. कोंडा खाली बसला का मंग बाजूले तोंड करून घ्याचा. हलरवरच्या बाया पोतं झाडतानी असंच करत. दम धरून झाडत, दारापाशी जात आन् तिथी श्वास घेत. तुमच्या बुकात याले काय म्हणतात ते तुमी जाना."

आमच्या पुस्तकात त्याला कुंभक म्हणतात. ज्याला शेठजी अर्धा श्वास म्हणाले आणि मी अज्ञान समजलो, ती या बायकांच्या आयांनी त्यांना दिलेली विद्या होती. मी ती महिन्याभरात मोडून काढली, तीही योगाच्या नावाने. त्या रात्री पेटीतलं पुस्तक काढलं. प्राणायाम कुठे करावा हे त्यात श्वासाच्या कितीतरी आधी आलं आहे : जागा स्वच्छ हवी, धूर नको, धूळ नको. परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं. गुणही चांगले पडले होते.

सोमवारी मी ऑफिसात न जाता सरळ शेडमध्ये गेलो.

आत दोन हात अंतरावरचा माणूस दिसत नव्हता. शेडला खिडकी नाही. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या सळया आत आल्या होत्या आणि त्यांत कोंडा गिरक्या घेत होता. बायकांच्या भुवया, पापण्या, केस सगळं एकाच पिंगट रंगाचं झालं होतं. तोंडं उघडी. खांबावर पाटी, आणि तिच्यावर माझं नाव. मी उभा असतानाच घंटा वाजली. त्या साऱ्या उभ्या राहिल्या आणि मी शिकवला होता तसा, अगदी बरोबर, सावकाश, खोल श्वास आत घेऊ लागल्या. चौथ्या श्वासाला भागरता वाकली. खांबाला धरून ती इतकी खोकली की शेजारणीने तिची पाठ चोळली. बाकीच्यांनी मोजणी सोडली नाही. मॅनेजर मोजत होता.

इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. त्यात अर्धा वाटा माझा स्वतःवरचा होता, म्हणून तो जास्त जळत होता.

तेवढ्यात शेठजी आले. ते दारातच थांबले. हातात पांढरा रुमाल होता आणि तो नाकावर घट्ट धरलेला.

"बघा वैद्यजी," रुमालाआडून ते म्हणाले, "तुमचं काम किती शिस्तीत चाललंय."

"शेठजी, आत या."

"इथूनच ठीक आहे."

"आत या आणि रुमाल काढा. फक्त बारा पूरक. रोज बागेत करता तेच."

हलरच्या आवाजातही हे सगळ्यांना ऐकू गेलं असावं, कारण सुपं थांबली.

"मस्करी करता काय?"

"नाही. श्वास फुकट आहे म्हणालात. घ्या."

शेठजींनी रुमाल काढला नाही. मॅनेजर मध्ये पडला. "वैद्यबुवा, शेठजींची तब्येत नाजूक आहे."

"प्रकृती कोणती?" मी विचारलं. "त्यांचंही नाव यादीत घालू का?"

मी खांबावरची पाटी काढली. मग बायकांकडे वळलो. हे करायला अनसूयेने बजावलं होतं. मॅनेजरला सांगाल तर कागदावर राहील, बायांना तोंडाने सांगा, असं ती म्हणाली होती.

"मी चुकलो," मी म्हणालो. "पदर बांधा. पूर्वी दम धरत होतात तसाच धरा. माझं ऐकू नका."

एकेकीचे हात मानेमागे गेले. मग भागरता पदर बांधता बांधता म्हणाली, "महिनाभर आमचे उघडे थोबाडं पाह्यले, आता झाका म्हणता. इतक्या वंगाळ दिसतो का जी आमी?"

शेडभर हसू फुटलं. हसता हसता त्या खोकल्या.

ऑफिसात जाऊन मी मॅनेजरच्या कागदावर लिहिलं : या सातजणींपैकी एकीचाही खोकला प्रकृतीचा नाही. तो शेडमधल्या कोंड्याचा आहे आणि माझ्या चुकीच्या सल्ल्याने वाढला आहे. सल्ला मागे घेत आहे. शेडला खिडक्या हव्यात. खाली सही केली, तारीख टाकली. एक नक्कल स्वतःजवळ ठेवली आणि ती फॅक्टरी इन्स्पेक्टरला दाखवीन, असं सांगून उठलो.

त्या कागदावर कोणाला कमी करता येणं शक्य नव्हतं. सातही बायका कामावर राहिल्या. कमी झालो तो मी. पुढच्या शनिवारी माझ्या खुर्चीत दुसरे वैद्य होते. भागरतेला मी दवाखान्यात बेहड्याची साल आणि ज्येष्ठमध देत राहिलो. होळीपर्यंत खोकला उतरला. पुरता गेला नाही.

शेडला खिडक्या काही झाल्या नाहीत. इन्स्पेक्टर आले, ऑफिसात चहा घेऊन गेले.

दुसऱ्या हंगामात मिलचं ऑईल इंजिन सारखं बंद पडू लागलं. नागपूरहून मेकॅनिक आला. त्याने इंजिन उघडलं, आत बोटभर कोंडा काढून दाखवला आणि सांगितलं की इंजिनाला स्वच्छ हवा लागते, अशा हवेत ते वर्षभरही टिकणार नाही. शेठजींनी त्याच आठवड्यात भिंत फोडून तीन मोठ्या खिडक्या पाडल्या.

ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा अनसूया चिठ्ठ्या लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमीच चुकले," ती म्हणाली. "बायायची नाडी पाहात बसले. इंजिनाची पाहाची होती."

हा प्रसंग मी पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितला. वैद्यांच्या सभेतही सांगितला. रुमाल, बारा पूरक, खांबावरची पाटी, सगळं यायचं. सूप घेऊन अंगणात बसलेली बाई मात्र त्यात कधी आली नाही. शेडमध्ये जाण्याची बुद्धी मला आपणहून झाली, असंच ऐकणाऱ्याला वाटे, आणि मी ते वाटू देत असे. अनसूया जाऊन आता वर्ष होईल. बरण्यांवर अजून तिचंच अक्षर आहे. म्हणून हे तिच्यासकट, एकदा नीट लिहून काढलं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. रोग्याला श्वास कसा घ्यावा हे सांगण्याआधी तो कुठे घेतो ते जाऊन बघा. आणि त्याने तोंडाला काही बांधलं असेल, तर सोडायला लावण्यापूर्वी का बांधलं ते विचारा. त्याला पदवी लागत नाही.