आगरमधली खळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी पोटदुखीपासून सगळं सांगतो. मग तुम्हालाच का? वैताग आलाय, म्हणून. परवा बाजारात पुन्हा एक जण भेटला — "सर, तुमचा तो संत्र्यावरचा शोधनिबंध!" तो निबंध, तो निबंध! उभा जन्म सूक्ष्मजीवांवर काम केलं, बाकीचं सगळं छापून आलं आणि गपगार पडलं. हा एकच जगभर फिरला. जर्मनीहून, जपानहून छापील पोस्टकार्डं यायची — कृपया एक प्रत पाठवावी. मी ती टेबलाच्या काचेखाली लावून ठेवायचो, आल्यागेल्याला दिसतील अशी.

गोष्ट साधी होती. नरखेडकडची संत्री हिरव्या बुरशीनं सडायची. सालीवरच मला एक जिवाणू सापडला, तो बुरशीला जवळ येऊ देत नव्हता. काचेच्या प्लेटमध्ये बुरशी पेरायची, मधोमध जिवाणू ठेवायचा — तिसऱ्या दिवशी त्याच्याभोवती बंद्या रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ. नाचावंसं वाटलं होतं मला!

पण प्लेटमध्ये खाली काय होतं? इथंच माझी गाडी अडते.

खाली आगर असतं, समुद्री शेवाळाची भुकटी; ती शिजवली की जेलीसारखी घट्ट होते. त्या वर्षी मुंबईहून आगर वेळेवर आलंच नाही. आमच्या प्रयोगशाळेत कौसल्याबाई मदतनीस होत्या, विणकराच्या घरातल्या. हातमागाच्या सुताला लावतात ती तांदळाची खळ त्या घरून डब्यात घेऊन आल्या, आंबूस वासाची, आणि त्यांनी ती उरल्यासुरल्या आगरात मिसळली. वर्तुळ उमटलं ते त्या प्लेटींत. पुढे नवं आगर आलं. निव्वळ आगरावर करून पाहिलं — काही नाही. पुन्हा पाहिलं. बुरशी जिवाणूच्या डोक्यावरून निघून गेली.

म्हणजे मला ठाऊक होतं. तरी निबंधात काय लिहिलं? 'नेहमीचं आगर.' विलायती मासिकाला हातमागाची खळ कळवायची लाज वाटली — दुसरं काय!

निबंध छापून आला तेव्हा बाईंनी विचारलं, "सर, आमच्या खळीचं लिहिलं ना जी त्यात?"

"लिहिलं तर."

"मंग झालं. मी मोहल्ल्यात साऱ्याईले सांगून राहिली."

दोन वर्षांनी पुण्याहून एका मुलीचं पत्र आलं. माझंच काम पुढे नेऊन ती पीएच.डी. करत होती, आणि वर्तुळ काही केल्या येईना. पाणी कुठलं, आगर कुठलं, तापमान किती — चार पानं, सुरेख अक्षर. खळीची एक ओळ लिहिली असती तर तिचं काम झालं असतं. मी काय लिहिलं, ऐकायचंय? 'हात अधिक स्वच्छ ठेवून काम करावे.' तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच कळवलं. तिसऱ्या पत्रात तिनं लिहिलं, की मुदत संपली, संशोधन सोडून शाळेत नोकरी धरते आहे. आणि माझे आभार मानले. आभार!

माझ्या निवृत्तीचा समारंभ सदर भागातल्या एका सभागृहात झाला. विभागप्रमुखांनी संदर्भसूचीचे जाडजूड खंड चाळून, माझ्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला तो आकडा वाचून दाखवला. टाळ्या! अहो, पण ते उल्लेख उघडून तर बघा कुणी! निम्म्याहून अधिक लोकांनी लिहिलंय, की आम्हाला हे जमलं नाही. ज्याचं ज्याचं फसलं तो तो माझा आकडा वाढवून गेला. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? कौसल्याबाई पुढच्याच रांगेत होत्या, ठेवणीतली साडी नेसून, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत. मी वाकून नमस्कार केला आणि शाल घेतली.

त्या आकड्यात एक उल्लेख त्या मुलीचाही आहे. शाळेत जाण्याआधी तिनं पानभर टिपण छापलं होतं. त्याचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे — 'हा परिणाम आम्हाला मिळाला नाही. दोष बहुधा आमच्या हातांचा असावा.'

तिचे हात स्वच्छ होते. मला ते माहीत होतं.