बसवंतअप्पांचा स्कॅन आणि तो संडास

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी शिंकलो आणि त्याच हाताने तुरीची मूठ उचलली, ही बसवंतअप्पांची आणि माझी पहिली भेट. मापाडी अप्पांनी काटा थांबवला. निजामाच्या काळापासून मराठवाड्यात झालेली सगळी घाण मीच केली असावी, असं माझ्याकडे पाहिलं आणि अख्खं पोतं बाजूला काढायला लावलं. आणखी एक शिंक आली असती, तर मोंढा चार दिवस बंद राहिला असता.

अशा माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो जागच्या जागी असेल तर ऑपरेशन. हाडांत पसरला असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही. ते बघायला लातूरला स्कॅन ठरला. शिरेतून किरणोत्सारी औषध घ्यायचं, तासभर पाणी पीत बसायचं, लघवी करून मशीनमध्ये जायचं. औषध लघवीत उतरतं. मूत्राशय भरलेलं असलं की फोटोत तेच चमकतं, शेजारचं काही दिसत नाही.

आपल्याकडे पेशंट एकटा जात नाही. अप्पांबरोबर जीप भरून अकरा नातेवाईक आले, आणि एव्हाना घरचाच झालेला मीही. इंजेक्शनवाल्यांच्या वेगळ्या संडासावर 'फक्त पेशंटसाठी' अशी पाटी होती. "आपण पेशंटचेच की!" म्हणत सगळे आळीपाळीने तिथंच जाऊन आले. पाणी टाकायचं एकालाही सुचलं नाही. पुतण्या हरिओमने गुटख्याने भिंत रंगवली. मी डोकावलो आणि नाक धरून मागे फिरलो.

अप्पा दारातूनच फिरले.

"जाऊन आलात ना, आजोबा?" मशीनवरच्या मुलीने विचारलं.

"हाव," अप्पा चक्क खोटं बोलले.

फोटो काढून थोड्या वेळाने ती बाहेर आली. "आजोबा, सगळं भरलेलंय! जाऊन या, परत घेते."

"तिथं? म्हैस बी जायची न्हाई."

"अय्यो, जिवाचं बघा की ओ!" अप्पांच्या पत्नी दानम्माकाकू रडकुंडीला आल्या.

"अप्पा, डोळे मिटून जावा," हरिओम म्हणाला.

"तू मिटूनच गेल्तास व्हय रं, गाढवा?"

अप्पांनी फिनेल आणि खराटा मागवला आणि धोतर खोचून स्वतः संडास घासला. अकरा धडधाकट माणसं लांब उभी. "इंजेक्शन दिल्यावर पेशंटच्या जवळ जाऊ नका म्हणलंय ना डॉक्टरनं," हरिओम पुडी फोडत म्हणाला. एकजण तर लांबूनच राहिलेला कोपरा दाखवत होता. त्या सगळ्यांची मला शिसारी आली. त्यांत मीही उभा होतो.

दुसरा फोटो स्वच्छ आला. मणक्यात तीन ठिपके, बरगडीत दोन. ऑपरेशन झालं नाही. चौदा महिन्यांनी अप्पा वारले.