कवळी घेऊन पळताना

माझ्या सासूबाई दात घरी विसरून रेल्वे स्टेशनवर गेल्या.

म्हणजे कवळी हो! लातूरला नणंदेच्या लेकीचं डोहाळजेवण, समोर विहीणबाई, आणि कवळी इकडं येडशीत आमच्या मोरीच्या फळीवर, वाटीतल्या पाण्यात निवांत पहुडलेली. सासऱ्यांना (त्यांना मी मामा म्हणते) ती दिसली तेव्हा गाडीला जेमतेम वीस मिनिटं होती. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रिक्षानं कधीच पुढं गेलेल्या.

मामांनी स्कूटरला किक मारली. स्कूटर खोकली. दुसरी मारली. शिंकली. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली, पण या स्कूटरनं त्यांना कधी जुमानलं नाही.

"मंगल," घाम पुसत मामा म्हणाले, "तू रोज पळतीस न्हवं?"

पळते. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी चुकून पळाले. (उतार होता.) तेव्हापासून रोज सकाळी रामलिंगच्या रस्त्याला जाते. वेग विचारू नका, म्हशी मला ओव्हरटेक करतात. पण झाडीत मोर ओरडतो, डोंगरामागून सूर्य वर येतो, आणि माझे पाय माझं ऐकतात, याचं मला रोज नव्यानं नवल वाटतं. घरात दुसरं कोण ऐकतंय!

कवळी डबीत घातली, साडी खोचली, बूट चढवले आणि निघाले.

मागून मामा ओरडले, "पुढं चढ हाय! गेर उतरव! लई रेस करू नगंस!"

चौकात चहावाल्यानं विचारलं, "वहिनी, काय झालं?"

"सासूबाईंचे दात!"

"आरारा! कुणी पाडले?"

उत्तर द्यायला दम कुठला? (तासाभरात गावभर झालं, की मी सासूचे दात पाडून पळाले.)

चढ संपला आणि काहीतरी अजबच झालं. धाप गेली. श्वास आणि पाय एका तालात पडायला लागले. वारा कानाशी बोलत होता, रस्ता आपोआप मागं सरत होता. हे माझंच शरीर? जिना चढताना कुरकुरणारं? खरं सांगते, दोन मिनिटं कवळी, सासू, गाडी, सगळं विसरले. नुसतं पळणं उरलं होतं. डोळ्यात पाणीच आलं!

तशीच प्लॅटफॉर्मवर घुसले. गाडी उभी. घामानं डोळे चुरचुरत होते, कुणाचा चेहरा धड दिसेना. एका खिडकीतून मात्र ओळखीचा आवाज आला, "हांब! अगं हांब!"

मला ऐकू आलं, "लांब! अगं लांब!"

वाटलं, यांचा डबा अजून लांब आहे. पळाले! एक डबा गेला, दुसरा गेला, इंजिन गेलं. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघायला लागला. मग प्लॅटफॉर्मच संपला.

तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी हळूच हलली आणि गजांतून एक हात माझ्याकडं येताना दिसला. बांगड्या ओळखीच्या! मी डबी त्या हातात कोंबली. आत्याबाईंनी तिथंच कवळी बसवली आणि पहिलं स्वच्छ वाक्य फेकलं, "थांब म्हणत होते गं मी, थांब!"

घरी परत यायला मला पाऊण तास लागला. त्यातली दहा मिनिटं प्लॅटफॉर्मच्या बाकावर आडवी होते.

संध्याकाळी फोन वाजला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आत्याबाईंनी माझ्या भाकरीचंसुद्धा कधी कौतुक केलं नव्हतं.

"मंगल," आज त्यांचा आवाज वेगळाच होता, "हितं समद्यांना सांगितलं बघ. माजी सून आगगाडीच्या फुडं पळाली! कुणाचा इस्वासच बसंना. आगं, मी सोता बघितलं, तरी माजाबी बसंना!"

गाडी तेव्हा उभी होती, एवढं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मी तरी कशाला सांगू?