कामठीच्या अलीकडे थांबणारी गाडी

मी तिसरीपर्यंत शिकलो. तेवढी शाळा मला जन्मभर पुरली. एका कंत्राटदाराचा ट्रक चालवायचो. त्याच्या पोरांना नवी मोटार पाहिजे झाली तेव्हा जुनी मी घेतली. काळी, गोल पाठीची विलायती मोटार. नागपुरात आमच्या गल्लीत तेव्हा सायकली होत्या, एक स्कूटर होती आणि माझी मोटार. लोक तिला हसत. हसणाऱ्यांपैकी किती जणांना पुढं दवाखान्यात त्याच मोटारीनं नेलं, ते मी मोजलं नाही.

सत्तर सालच्या आसपास मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कन्हानचा, कोळसा खाणीत नोकरीला. बोलणी झाली त्या दिवशी चार माणसांत मी सांगून टाकलं, "पोरगी माह्या गाडीत सासरी जाईन. दुसऱ्याच्या गाडीत नाही." माझा साळा तिथंच बसला होता. त्याची स्वतःची टॅक्सी होती, चांगली नवी. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

मध्ये दसरा आला. गाडीची पूजा त्या वर्षी मुलीनं केली. माहेरचा तिचा शेवटचा दसरा. पाण्यातलं कुंकू ओघळते म्हणून तिनं हळदकुंकू तेलात कालवलं आणि दिव्यांना, चाकांना, दारांना, पेट्रोल भरतो त्या झाकणालासुद्धा बोटं भरभरून लावलं. "बाबा, हिचं एक अंग सोडलं नाही मी," म्हणाली. दसऱ्याचं कुंकू आमच्याकडे पुसत नाहीत. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल.

दिवाळी झाल्यावर मी आणि बायको साड्या घेऊन कन्हानला निघालो. सोयऱ्याच्या दारात जायचं म्हणून टाकी काठोकाठ भरून घेतली. वाटेत कामठीच्या अलीकडे गाडीला उचक्या लागल्या. पाय दाबला तरी ओढेना. दोन झटके दिले आणि बंद पडली.

या गाडीचा पेट्रोलचा काटा कंत्राटदाराच्या काळातच मेला होता. त्यासाठी मागं बांबूची एक कमची ठेवलेली असे. टाकीत घालायची आणि किती ओली झाली ते पाहायचं. मी पुढं बॉनेटमध्ये डोकं घातलं, बायको कमची घेऊन मागं गेली.

"पेट्रोल आहे जी," ती मागून ओरडली.

"आत्ता तं भरलं. पाहून काय राहिली तू?"

मी प्लग काढले, पुसले, बसवले. गाडी पहिल्या झटक्यात लागली. म्हटलं, प्लग होते.

आठवडाभर शहरात गाडी एकदाही अडली नाही. पुढच्या खेपेला पुन्हा टाकी भरून निघालो, तर पुन्हा त्याच रस्त्यावर उचक्या. मी ठिणगीचे पॉइंट घासले, बायकोनं कमची घातली, गाडी चालू. म्हटलं, पॉइंट होते. मग सदर बाजारातल्या उस्ताद मेकॅनिककडे नेली. त्यानं कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, स्वतः शेजारी बसून सिव्हिल लाइन्समधून चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी. "चाचा, अब तो बंबई ले जाओ," म्हणाला. मुंबई राहू द्या, ती कामठीसुद्धा पाहायला तयार नव्हती.

तिसऱ्या खेपेला बायकोबरोबर साळाही होता. मी पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवलं. उन्हाळ्यात पेट्रोल तापून नळीत वाफ धरते तेव्हा असं करतात. पण हे थंडीचे दिवस. साळा स्वेटरच्या बाह्या ओढत म्हणाला, "भाऊजी, ताप आला का तिले? पट्टी ठेवून राहिले म्हणून इचारलं."

मागं बायकोचं कमचीचं काम झालं, मी चावी फिरवली, गाडी लागली. मी साळ्याकडे पाहिलं. तो बाह्या सोडून आत येऊन बसला.

घरी आल्यावर मात्र बहीणभाऊ एक झाले. साळा म्हणाला, "पोरगी नवरीच्या शालूत रस्त्यावर उभी राहिली तं कन्हानवाले जन्मभर बोलतील तिले. माही टॅक्सी सजवतो. तुमी पुढं बसा."

बायको म्हणाली, "गावात बरी फिरते, कन्हानचं नाव काढलं का बसते. या गाडीच्या मनातच नाही पोरगी द्यायची."

मुलगी चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही, पण पोळी करपली.

मी म्हणालो, "अजून एक खेप. थांबली तं तुही टॅक्सी."

त्या खेपेला मी आणि बायको दोघंच होतो. मानपानाची भांडी मागच्या सीटवर वाजत होती. वाटेत ती म्हणाली, "माह्या कमचीनं चालते ही. मी कमची घातली का लागते, एवढं तरी पाहिलं का तुमी?"

"तुह्या कमचीनं गाड्या चालत्या तं मेकॅनिक उपाशी मेले असते."

ती खिडकीकडे वळून बसली. थोड्या वेळानं उचक्या आल्या आणि गाडी थांबली. मी उतरलो. ती उतरली नाही. "आज मी हात लावत नाही," म्हणाली. "तुमचं तुमी पाहा."

पाहीन म्हटलं. प्लग पुसले. पॉइंट घासले. कार्बोरेटरचा जेट काढून तोंडानं फुंकला. ओलं फडकं ठेवलं. बॅटरी दमायला लागली तसा हँडल काढून पुढून फिरवलं. सदरा पाठीला चिकटला. एक बैलगाडी शेजारून गेली. गाडीवाल्यानं बैल हळू केले, नीट पाहून घेतलं आणि पुढं गेला. मी मान वर केली नाही. आत बायको हाताची घडी घालून बसलेली.

पुढचं सगळं करून संपलं होतं. मागचं एकच राहिलं होतं, आणि ते तिचं काम होतं. बराच वेळ मी हँडल धरून उभा राहिलो. मग गेलो मागं. तिच्या खिडकीवरून गेलो तरी तिनं तोंड फिरवलं नाही.

झाकण फिरवलं तसा टाकीतून आवाज आला. सूंऽऽ. सायकलची ट्यूब सोडल्यासारखा, पण हवा आत जात होती. या गाडीचं झाकण कितीदा उघडलं, असा आवाज कधी ऐकला नव्हता. पेट्रोल पंपावर टाकी बहुधा रिकामीच असे आणि रस्त्यावर झाकण उघडायची बायको, तेव्हा मी पुढं खडखडाट करत असायचो.

तेलाचा पत्र्याचा डबा कोणीही फोडला असेल. एकच भोक पाडलं तर तेल गुचके खात येते आणि मग थांबते. दुसरं भोक पाडलं की धार लागते. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. मी झाकण उन्हात धरलं. भोकावर तेल, कुंकू आणि कामठी रोडची धूळ मिळून खपली बसली होती. शहरात मी थोडक्या पेट्रोलवर फिरायचो. टाकीत रिकामी जागा मोठी, हवा पुरून जायची. सोयऱ्यांसाठी टाकी भरली की आतली हवा थोडकी, आणि तिचा दम कामठीच्या अलीकडे संपायचा.

मी खिडकीशी गेलो. "एक पिन दे वं."

तिच्या बांगडीत पिना अडकवलेल्या असत. "काहून?"

"देतं का नाही?"

तिनं दिली. मी फक्त भोक मोकळं केलं. बाकीचं कुंकू होतं तसं राहू दिलं. पुढं येऊन हँडलचा एक फेरा दिला आणि इंजिन बोलायला लागलं.

थोडं पुढं गेल्यावर बायको म्हणाली, "मंग? सांगू भावाले टॅक्सीचं?"

"गाडी थांबली कुठं? मी थांबवली होती, तपासायले."

तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मी विचारलं नाही.

एकदा पाहून माझा विश्वास बसत नसतो. दुसऱ्या दिवशी एकट्यानं टाकी भरली, भोकावर ओला साबण दाबला आणि निघालो. कामठीच्या अलीकडे बंद. साबण काढला, भोक टोचलं, कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन परत आलो. एक उचकी नाही. मग साळ्याला सांगितलं, टॅक्सी लग्नाला आण, पण पाव्हण्यांसाठी.

लग्नाच्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. नवरानवरी मागं, नवऱ्याची बहीण माझ्या शेजारी. निघताना बायकोनं खिडकीतून ती कमची माझ्या हातात दिली. सगळ्यांसमोर मी ती मुकाट्यानं पायाशी ठेवून घेतली. साळा टॅक्सी घेऊन मागंच चालला होता, अंतर ठेवून, कुत्रं हाडाच्या मागं चालावं तसा.

मुलगी रडून थकली होती. कामठी जवळ आली तशी मागून हळूच म्हणाली, "बाबा, इथंच थांबते नं ही?"

"थांबत होती. आता नाही थांबत."

मी पायाचा जोर थोडा कमी केला. साळ्यानं मागून हॉर्न दिला, त्याला वाटलं आली उचकी. पण गाडी चालली होती, हळू चालली होती इतकंच. मग कामठी आली, गेली, आणि नदीचा पूल लागला.

पुढच्या दसऱ्याला मुलगी आली. तेलात कालवलेलं कुंकू घेऊन गाडीभोवती फिरली आणि झाकणाशी आली. बायको दारातून पाहत होती. मी म्हणालो, "लाव. चांगलं लाव." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले असताना मी जाऊन भोक टोचलं. पिन छताच्या कापडात खोचून ठेवली होती, गाडी विकेपर्यंत ती तिथंच होती. बायको शेवटपर्यंत पाव्हण्यांना सांगायची की आमची मोटार तिच्या कमचीवर चालत होती. मी कधी खोडलं नाही.