माधवरावांच्या पुढचं टेबल

माधवराव गेल्याचं कळलं तेव्हा मी कसबा पेठेत सुताराशी घासाघीस करत होतो. आमच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यांच्या लाकडी पेट्या तो बनवतो. त्याने भाव वाढवला होता आणि मी तो खाली आणत होतो, एवढ्यात सुनंदाचा फोन आला. सुनंदा आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर असते. ती म्हणाली, "साहेब, माधवराव गेले. सकाळी, चहा घेताना." मी बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि सुताराला विचारलं, मग काय ठरलं? भाव माझ्या मनासारखा ठरला. नंतर स्कूटर काढून सदाशिव पेठेत त्यांच्या घरी पोहोचलो तर जिन्यात आमचा सगळा कारखाना उभा होता. मला पाहताच सगळ्यांचं बोलणं थांबलं... याला आता दीड महिना झाला. लिहायचं आहे ते त्या थांबण्याबद्दलच.

वाशिमकडून पुण्यात आलो तेव्हा मी एका मंडपवाल्याकडे लाऊडस्पीकर उचलायचो. माधवराव तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, चष्म्यावरून बघणारे. बिघडलेला अँप्लिफायर घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी तो उघडला, बंद केला आणि म्हणाले, "हा कोणी दुरुस्त केला होता? त्याला भेटायचंय. एवढं बिघडवणं सोपं नसतं." तो मीच केला होता. पुढे मी विकायचं आणि त्यांनी बनवायचं असं ठरवून आम्ही बिबवेवाडीत एक गाळा घेतला. मला ते शेवटपर्यंत 'कारखानदार' म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधीच नक्की कळलं नाही.

आमची पेटी, म्हणजे हा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, इतरांपेक्षा महाग होती. तरी ती का खपायची, हे बाजाराला कळत नव्हतं. कारण माधवरावांची एक पद्धत होती. पेटीची मागणी आली की ते ग्राहकाला फोन करत आणि म्हणत, "आपला सा लावा." माणूस गोंधळायचा, मग लाजत लाजत गायचा. माधवराव ऐकून चिठ्ठीवर लिहीत, काळी एक, पांढरी चार, जी असेल ती पट्टी. पेटी त्या सुरातच लावून पाठवली जायची. घरी खोका उघडून पहिल्यांदा बटण दाबलं की त्या माणसाला त्याचाच सूर ऐकू यायचा. नांदेडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत माझा सा कोणीही विचारला नव्हता. ते पत्र मी लॅमिनेट करून कारखान्यात लावलं होतं.

सूर मीटरवर लावता येतो. जवारी लावता येत नाही. तारेच्या आवाजात जो बारीक झणत्कार असतो तो म्हणजे जवारी. तो कमी पडला तर तानपुरा मुका वाटतो आणि जास्त झाला तर डोक्यात जातो. त्यासाठी पेटीत एक छोटा स्क्रू असतो, तो कानानेच फिरवायचा. ते काम फक्त माधवरावांचं. त्यांच्या टेबलावरून पेटी सुनंदाच्या टेबलावर, तिथून खोक्यात, खोक्यातून टेम्पोत. सुनंदाला फार वेळ लागायचा. मी तिला कितीदा बोललो असेन, खोकाच बांधतेस ना, का पेटीला न्हाऊ घालतेस? ती हसायची. आणखी एक गोष्ट मी रोज पाहत होतो. शेवटची दोन वर्षं माधवराव ग्राहकाचा फोन स्पीकरवर टाकत आणि सुनंदा त्यांच्यासमोर उभी राहून बोटं दाखवत असे. कधी एक, कधी चार. मला वाटायचं खोके मोजते आहे. मला सुरातलं काही कळत नाही, हे मी कधी लपवलं नाही. पण बोटं तर मलाही दिसत होती.

गेल्या वर्षी संगीताचे वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेची मागणी आली. त्यांच्या शाखा बऱ्याच होत्या. पहिल्या खेपेला चाळीस पेट्या घेणार, त्या आवडल्या तर पुढे सगळीकडे. त्यांचा माणूस भावात अडला, तेव्हा मी भाव सोडला नाही, त्याऐवजी चार दिवस आधी माल देतो म्हटलं. मला ते फार हुशारीचं वाटलं. शेवटच्या दिवशी निम्म्या पेट्या माधवरावांच्याच टेबलावर होत्या आणि टेम्पो दारात उभा. मी म्हटलं, इथूनच भरा, पॅकिंगच्या टेबलावर नेऊ नका. सुनंदा उठून आली. म्हणाली, "साहेब, एकदा माझ्याकडून जाऊ द्या." मी म्हटलं, "का, तू काय सुरांची परीक्षा घेणार आहेस?" चार माणसं हसली. ती हसली नाही. माधवराव पाठ करून बसले होते, त्यांनी मान वळवली नाही.

पंधरा दिवसांनी वीस पेट्या परत आल्या. सोबत चिठ्ठी होती, आवाज कर्कश आहे, अर्ध्या तासात मुलांचं डोकं दुखतं. पुढची मागणी रद्द. इतक्या वर्षांत आमच्याकडे तक्रारीची वही जवळजवळ कोरी होती, आणि ती कोरी आहे यावर मी धंदा केला होता. मी एक पेटी उचलली, माधवरावांच्या टेबलावर आदळली आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "कान गेलेत का तुमचे?"

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. म्हणाले, "हो. गेलेत."

आयुष्यभर ज्या माणसाने सरळ उत्तर दिलं नाही, त्याचं ते उत्तर मी टोमणाच समजलो. आणखी भडकलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रू ड्रायव्हर सुती पिशवीत घातला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले नाहीत. मीही गेलो नाही. गरज त्यांना आहे, येतील, असं म्हणत राहिलो. घासाघीस करताना मी नेहमी हेच करतो, आधी उठत नाही. आठ महिने मी उठलो नाही. पेट्या जात राहिल्या, त्या आता कोण लावतं ते मी विचारलं नाही... मग सुनंदाचा फोन आला.

तेराव्याच्या दिवशी माधवरावांच्या पत्नीने, वहिनींनी, मला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर कानाच्या यंत्राची डबी होती, आतलं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, तीन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येत नव्हते. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग जवारी. यंत्र आणलं, पण ते लावून कारखान्यात गेलो तर तुम्हाला कळेल म्हणाले. मी विचारलं, बाकी कोणाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, सगळ्यांना. मी म्हटलं, "मग मलाच का नाही सांगितलं?" वहिनींनी डबी बंद केली. "तुम्ही सगळ्याचाच भाव करता हो. त्यांना स्वतःचा करून घ्यायचा नव्हता."

मी खाली आलो. जिन्यात सुनंदा होती. तिने सांगितलं की दोन वर्षं प्रत्येक पेटीचा स्क्रू तिने गुपचूप अर्धा फेरा मागे घेतला होता. माधवरावांना वरचा झणत्कार ऐकू यायचा नाही, म्हणून ते तो वाढवत जायचे. ती उतरवायची. त्यांना ते ठाऊक होतं. दोघांनी ते एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही. नांदेडच्या मुख्याध्यापकांनी गेल्या वर्षी त्यांच्या शिष्येसाठी पेटी मागवली, तीही तिनेच लावलेली. म्हणजे ज्या समाधानी ग्राहकांचा मी एवढा डौल मिरवला, ते खोका बांधणाऱ्या बाईचे होते. मी तिच्यावर चिडलो. हो, तिथेही. म्हटलं, कारखाना माझा, सांगायला नको? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आधी ओरडला असता, मग ऐकून घेतलं असतं. तेवढ्यात माधवराव घरी गेले असते."

माझी तक्रार अजून गेलेली नाही. एवढी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाने मला सोडून सगळ्यांवर विश्वास टाकला, हे मला सहन होत नाही. मी रात्रंदिवस मनात त्यांच्याशी भांडतो. सांगायचं होतं, काहीतरी केलं असतं. मग स्वतःलाच विचारतो, काय केलं असतं? तेव्हा उत्तर स्वच्छ दिसतं. एखादा तरुण पोरगा निम्म्या पगारात बसवला असता आणि माधवरावांना दारापाशी खुर्ची दिली असती. त्यांनी मला नीट ओळखलं होतं.

परत आलेल्या एकोणीस पेट्या सुनंदाने लावून दिल्या, त्या खपल्या. विसावी मी ठेवून घेतली. माधवरावांच्या टेबलावर ती तशीच आहे, स्क्रू त्यांनी ठेवला तिथेच. सकाळी कारखाना उघडला की मी ती चालू करतो. मला तिच्यात आणि दुसरीत फरक कळत नाही, पण आता मी माणसांचे चेहरे पाहायला शिकलो आहे. सुनंदाच्या कपाळाला आठी पडते. सोल्डरिंग करणाऱ्या दोघीजणी मान खाली घालतात. नवा आलेला मुलगा कानामागे हात नेतो आणि माझ्याकडे लक्ष जाताच तो खाली घेतो. दिवसभर पेटी वाजते. साहेब, बंद करा ते, डोकं उठलं, एवढं एक वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून मी टेबलापाशी उभा राहतो... महिना झाला. अजून कोणी म्हटलेलं नाही.