मऊ पट्टी

दादा, आम्ही चंदगड सोडलं त्या दिवशी तू काकांच्या दारात रडत उभा होतास. शाळेसाठी तुला मागे ठेवलं आणि मी टेम्पोत आईच्या मांडीवर बसून तिलारी घाट उतरले. अजूनही तू म्हणतोस, "तू नशीबवान, तुला आईबाप मिळाले." म्हणून आज सांगूनच टाकते.

गोव्यात तुयेच्या कारखान्यात आईबाबांची पाळी एकच. गावी पोर शेजारी सोडता यायचं, इथे ओळखीचं कोण होतं? खोलीत गॅस, बाहेर ट्रक. म्हणून आई जुन्या साडीची पट्टी माझ्या पायाला आणि खिडकीच्या गजाला बांधायची, हाताशी पाव-पाणी ठेवायची आणि बाहेरून कुलूप लावून जायची. कपड्यात लघवी झाली की संध्याकाळी बाबांचा पट्टा. शाळेत जाईपर्यंत हे असंच चाललं. पोरीला असं बांधून का ठेवतेस, म्हणून घरमालकिणीने एकदा आईला हटकलं, "अगो, चेडवाक बांदून कित्याक दवरतंस?"

"आमचं पोर हाय, आमी बघतो," आई म्हणाली.

बाबा तर चारचौघांत सांगायचे, "वळण लावलंय पोरीला." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटायचं. मला त्याचाच जास्त संताप येतो.

आता मी गोव्यातच, साखळी गावात; नवरा बसवर ड्रायव्हर, मी कापडाच्या दुकानात, आणि आमची लेक मनू अजून लहान. बाबा गेल्यापासून आई तुझ्याकडे. तूच म्हणालास, आईला पाठवतो, मनूला सांभाळेल. ती आली, मनूला मांडीवर घेऊन भात भरवला, आणि मला वाटलं, झालं गेलं संपलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तर तिने पिशवीतून साडीची पट्टी काढली. गावाहूनच फाडून, घडी घालून आणली होती. मनूच्या पायाशी धरून मायेने म्हणाली, "ही मऊ हाय बघ. तुझ्या पायाला लई वळ उठायचे."

म्हणजे तिला वळ दिसत होते, दादा. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले होते की तिने ते पाहिलेच नसतील.

मी कामावर गेले नाही. भांडलेही नाही, तिला कळेल असं काही बोलता येईना. परवाच्या बसने तिला पाठवते आहे. तिला जप, ती म्हातारी झाली आहे. पण वहिनीचे दिवस भरत आलेत, ते बाळ तिच्यावर एकटं सोडू नकोस.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायची. चंदगड नीट आठवत नाही, तुये आठवायचं नाही. आता मनू उंबरा ओलांडून अंगणात धावते, पडते, गुडघा फोडून घेते, आणि रडत माझ्याचकडे येते.